गार सायलेन्सरचं दुखणं

डिझेल गाडीच्या सायलेन्सरने किती तापावं, यावरून नाशिकजवळ महामार्गाला लागून ट्रकचं गॅरेज चालवणारे एक मामा आणि पुण्यात इंजिनांच्या धुराची मोजणी करणारी त्यांची इंजिनिअर भाची यांचं कधी एकमत झालेलं नाही. मामांचा हात टाटा १२१० च्या जमान्यापासून ट्रकखाली काळा झालेला. भाची दिवसभर थर्मोकपलच्या वायरी पाइपात बसवून आकडे वाचते. सणासुदीला दोघं एका ताटाला बसले की आम्हा बाकीच्यांना डिझेलशिवाय दुसरं काही ऐकायला मिळत नाही. पण मला हा वाद घरापुरता वाटत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर धुराचे बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या डिझेल ट्रकखालचा सायलेन्सर हा नुसता आवाज दाबणारा डबा राहिला नाही. त्यात धूर साफ करणाऱ्या यंत्रणा ओळीने बसल्या, आणि त्यांतली एकही गार असताना नीट काम करत नाही. ही गोष्ट गाडी चालवणाऱ्याला कुणी नीट समजावून सांगितलेली नाही. म्हणून दोघांचं बोलणं जमेल तसं इथे मांडतो आहे.

मामा : उष्णता म्हणजे नुकसान, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, हाताने बघितलंय. मॅनिफोल्डला तडा जातो उष्णतेने. टर्बोतलं ऑइल जळून कडक होतं उष्णतेने. वायरिंगचं कव्हर वितळतं, होस कडक होऊन फुटतो, केबिनमध्ये ड्रायव्हरच्या तळपायाला चटके बसतात. गाडीला आग लागली की पहिला संशय कुणावर? सायलेन्सरच्या पाइपावर. आमचं निम्मं आयुष्य गाडीखालची उष्णता बाहेर काढण्यात गेलं आणि तू म्हणतेस ती आत ठेवा.

भाची : सगळी आत ठेवा असं मी कधी म्हटलं, मामा? मी म्हणते, किती हवी ते ठरवून ठेवा. डिझेल जाळून जी ऊर्जा मिळते, तिचा साधारण एक तृतीयांश भाग धुराबरोबर मागून निघून जातो. पूर्वी तो फुकट जायचा, म्हणून तो नुकसानच होता. आता धूर साफ करायचं काम त्याच उष्णतेवर चालतं.

मामा : किती हवी ते सांग. आकडा सांग.

भाची : गाडी उभी आहे, इंजिन नुसतं चालू आहे, तेव्हा पाइपात शंभर ते दोनशे अंश. गर्दीतून रखडत चालली तर दीडशे ते अडीचशे. भरलेली गाडी महामार्गाला लागली की तीनशे ते साडेचारशे. कसारा घाट चढताना पूर्ण लोडवर टर्बोच्या तोंडाशी सहाशेच्या आसपास. पेट्रोल गाडीचं याहून जास्त, जोरात पळवली तर मॅनिफोल्डपाशी आठशे-नऊशे. डिझेल इंजिन इंधन जळायला लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त हवा आत ओढतं, म्हणून त्याचा धूर पेट्रोलपेक्षा गार असतो. डिझेलची अडचण तिथूनच सुरू होते.

मामा : आकडे ठीक आहेत. मी ते रंगावरून सांगतो.

इथे मामांचं ऐकण्यासारखं आहे. स्टेनलेसच्या पाइपावर फिकट पिवळट झाक आली तर तो भाग तीनशे अंशांच्या आसपास गेलेला असतो. तपकिरी झाला तर चारशेच्या घरात. जांभळट होत होत निळा पडला तर साडेपाचशे-सहाशे. मामा गाडीखाली पाठीवर झोपतात, टॉर्च लावतात आणि जोडापासून जोडापर्यंत हे पट्टे वाचत जातात. एका ठिकाणी निळा पट्टा अचानक संपून पिवळा सुरू होतो, तर कुठे एकाच बाजूला निळं असतं. एकाच बाजूला निळं म्हणजे तिथे वायू आदळतोय किंवा आत काहीतरी अर्धं चोंदलंय, असा त्यांचा निदान करायचा मार्ग. भाची म्हणते की रंग किती वेळ तापलं त्यावरही अवलंबून असतो, नुसत्या कमाल तापमानावर नाही. जुन्या पाइपाचा रंग ही सगळ्या प्रवासांची बेरीज असते. मामांना तेही मान्य आहे. स्कॅनर आज काय चाललंय ते सांगतो आणि पाइपाचा रंग गाडीने आतापर्यंत काय सोसलं ते सांगतो, यावर दोघांचं भांडण नाही.

भांडण सुरू होतं ते डीपीएफपाशी, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीपाशी.

मामा : माझ्याकडे पाण्याचा एक टँकर येतो. बीएस-६, नवीच म्हण. विहिरीवर भरायचा, तीन-चार किलोमीटरवर सोसायटीत न्यायचा, इंजिन चालू ठेवून पंपाने टाकीत चढवायचा, परत विहिरीवर. दिवसभर हेच. दर थोड्या दिवसांनी दिवा लागतो, गाडी ओढत नाही, मालक माझ्या नावाने बोंबलतो. स्कॅनर लावला की डीपीएफ भरलाय. आता सांग, गाडी खराब आहे, ड्रायव्हर वाईट आहे, की तुमचं यंत्रच असल्या कामाला नालायक आहे?

भाची : गाडी खराब नाही आणि ड्रायव्हरही वाईट नाही. त्या पाइपाला उष्णताच मिळत नाही. काजळी दोन तऱ्हेने जळते. पुढच्या कॅटलिस्टमध्ये तयार होणारा नायट्रोजन डायऑक्साइड तिला अडीचशे ते चारशे अंशांत हळूहळू खातो. महामार्गावरच्या गाडीत हे आपोआप चालतं, ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. ते पुरलं नाही तर दुसरी तऱ्हा, हवेतल्या ऑक्सिजनवर सरळ जाळायची. त्याला साडेपाचशे ते साडेसहाशे अंश लागतात. डिझेल इंजिन एरवी एवढं तापत नाही, म्हणून कॉम्प्युटर मुद्दाम जादा डिझेल सोडतो. ते कॅटलिस्टवर जळतं आणि उष्णता मागच्या जाळीला मिळते. तुमच्या टँकरमध्ये पहिली तऱ्हा घडतच नाही, आणि दुसरी सुरू झाली की सोसायटीचा वॉचमन ‘इंजिन बंद करा’ म्हणतो.

मामा : बरोबर आहे. धूर-धूर करतात, वास येतो म्हणतात.

भाची : आणि काजळी अशी जाळून जाळी मोकळी करणं, म्हणजे रिजनरेशन, ते अर्ध्यात बंद झालं तर सगळ्यात वाईट. डिझेल खर्च झालं, काजळी तशीच राहिली. जादा डिझेल सिलिंडरमध्येच उशिरा सोडणारी गाडी असेल तर त्यातलं काही भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं ना तुम्हाला?

मामा : दिसतं. आधी वाटायचं, कुणीतरी जास्त भरलंय.

भाची : ते डिझेल असतं. ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगला धोका.

गॅरेजमध्ये उभ्या गाडीचं रिजनरेशन मी स्वतः पाहिलं आहे, ते सांगायला हवं. मामांनी गाडी शेडबाहेर, सिमेंटच्या मोकळ्या जागेवर लावली. आधी खाली पडलेलं गवत आणि पालापाचोळा पोराकडून झाडून घेतला, कारण वाळलेलं गवत तीनशे अंशांच्या आसपास पेट घेऊ शकतं आणि त्या दिवशी पाइप त्याच्या दुप्पट तापणार होता. स्कॅनरच्या पडद्यावर सुरुवातीला १८० होते. इंजिनाचा आवाज आपोआप चढला आणि आकडा रेंगाळत २८०-२९० पर्यंत गेला. मामा म्हणाले, आता बघ. तीनशेच्या जरा अलीकडे कॉम्प्युटरने जादा डिझेल सोडायला सुरुवात केली, कारण त्याआधी सोडलं तर कॅटलिस्ट ते जाळू शकत नाही आणि मागून पांढरा धूर येतो. तिथून आकडा झपाट्याने चढून सहाशेवर स्थिरावला आणि काजळीची टक्केवारी उतरू लागली. मागे उभं राहवत नव्हतं. अर्ध्या तासाहून जास्त वेळ ते चाललं. संपल्यावर मामांनी गाडी लगेच बंद केली नाही, आकडा खाली येऊ दिला. गाडी गेली तेव्हा मोकळी ओढत होती, पण तिच्या टाकीतलं डिझेल एक किलोमीटरही न जाता जळलं होतं, आणि तो खर्च मालकाच्या खिशातून गेला होता. हे भाचीच्या तक्त्यांमध्ये दिसत नाही, असं मामांचं म्हणणं. मला ते पटतं.

मामा : आणि एवढं करूनही एक दिवस जाळी बदलावीच लागते. मालकाला वाटतं, रिजन मारलं म्हणजे नवी झाली.

भाची : काजळी जळते, राख जळत नाही. चुलीत लाकूड जळून जातं आणि राख मागे उरते, तसंच. इंजिन ऑइलमध्ये जे धातूचे क्षार असतात, त्यांची राख जाळीत साठते. ती कितीही तापवली तरी जाणार नाही, काढून साफच करावी लागते. म्हणून बीएस-६ गाडीत कमी राखेचं ऑइल टाका म्हणून आम्ही ओरडत असतो. दुकानदार स्वस्त कॅन देतो आणि तुम्ही ओतता.

मामा : मी नाही ओतत. बाकीचे ओततात.

यानंतर मामांनी जो प्रश्न काढला तो नेहमी दबक्या आवाजात विचारला जातो. त्यांनी तो सरळ विचारला.

मामा : मालक येतात आणि म्हणतात, ‘मिस्त्री, काढून टाका ना ती जाळी. डबा फोडा, मोकळा करा, कॉम्प्युटरमध्ये कोड टाकून दिवा घालवा.’ करून देणारे लोक आहेत. गाडीचा हप्ता चालू आहे, कंपनीचं वर्कशॉप लांब, तिथे नंबर लागायला दिवस जातात. गाडी उभी राहिली की धंदा बसला. मी नाही म्हणतो, मग तो पुढच्या गॅरेजला जातो. माझं गिऱ्हाईकही गेलं आणि जाळीही गेली. त्या माणसाला मी चोर म्हणू का?

भाची : कायद्याच्या भाषेत म्हणावं लागेल. मोटार वाहन कायद्यात कलम ५२ प्रमाणे गाडीत मनमानी बदल करता येत नाही, आणि प्रदूषणाचे निकष मोडून गाडी चालवली तर कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने जातं.

मामा : पीयूसीवर पकडलं जातं का ते?

भाची : नाही. तिथे ॲक्सिलरेटर मारून धूर किती काळा तेवढंच बघतात. जाळी काढलेली नवी गाडीही त्यात पास होऊ शकते, कारण डोळ्याला न दिसणारे कण त्या यंत्राला मोजताच येत नाहीत. म्हणूनच मला कायद्यापेक्षा दुसरं सांगायचंय. डिझेलच्या धुराने माणसाला कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये पक्कं म्हणून जाहीर केलं. तो धूर सगळ्यात जास्त कुणी घेतला असेल? गॅरेजच्या खड्ड्यात उभं राहून वर चालू इंजिन ठेवणाऱ्यांनी. तुम्ही. तुमच्या वस्तादांनी.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या वस्तादांचं काय झालं ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याचं कारण धूरच होता असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण मामांनी जाळी काढायला कधी हात लावलेला नाही आणि गॅरेजमधल्या पोरांनाही लावू दिलेला नाही.

मामा : हे आजचं नाही, पोरी. १९९५ मध्ये मुंबई, दिल्लीसारख्या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, तेव्हाही हेच. गाडी मुंबईबाहेर आली की बिनशिशाचं पेट्रोल मिळायचं नाही.

भाची : आणि शिशामुळे कॅटलिस्ट कायमचा मरायचा. देशभर शिशाचं पेट्रोल बंद व्हायला फेब्रुवारी २००० उजाडलं.

मामा : मेलेला कन्व्हर्टर आत चोंदायचा, मग लोक आतली वीट फोडून रिकामा डबा परत बसवायचे. यंत्र आधी येतं, त्याला लागतं ते नंतर येतं, आणि मधल्या काळात शिव्या मिस्त्रीला.

या वाक्याला भाचीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. बीएस-६ च्या बाबतीत इंधन तरी वेळेवर आलं, गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर उतरवलेलं डिझेल देशभर त्याच दिवशी मिळू लागलं. माहिती मात्र आली नाही.

पेट्रोल गाड्यांवर दोघं फार रेंगाळले नाहीत, पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी निघाली. कॅटलिस्ट अडीचशे-तीनशे अंशांना जागा होतो आणि थंड गाडी सुरू केल्यापासून तो जागा होईपर्यंतच्या पहिल्या काही क्षणांतच छोट्या प्रवासाचं बरंचसं प्रदूषण होऊन जातं. म्हणून आता तो मॅनिफोल्डला खेटून बसवतात. मामांची तक्रार अशी की त्यामुळे आजूबाजूचं रबर शिजतं. भाचीचं उत्तर असं की त्यासाठीच पत्र्याचे हीट शील्ड दिलेले असतात आणि ते खडखडतात म्हणून पहिल्याच सर्व्हिसिंगला काढून फेकणारे मिस्त्री तिला माहीत आहेत. मग तिने मामांच्या एका जुन्या सवयीवर बोट ठेवलं.

भाची : कुठला सिलिंडर मारत नाही ते बघायला तुम्ही चालू गाडीत एकेका प्लगची वायर काढता ना?

मामा : सगळेच काढतात. आवाज बदलला नाही की तोच मेलेला.

भाची : वायर काढली की त्या सिलिंडरचं पेट्रोल न जळता सरळ कॅटलिस्टवर जातं आणि तिथे जळतं. कॅटलिस्ट हजार अंशांच्या पुढे गेला की आतला प्लॅटिनम-पॅलॅडियमचा पातळ थर गोळा होऊन निकामी होतो, आणखी तापला तर वीटच वितळते. मिसफायर होणारी गाडी ‘चालतेय ना’ म्हणून महिनाभर पळवली तर हेच होतं. प्लग स्वस्त, कन्व्हर्टर महाग.

मामा : हे मला कुणी सांगितलं असतं तर मी कधीच थांबवलं असतं.

युरियाबद्दल मात्र मामाच सांगत होते आणि भाची ऐकत होती. बीएस-६ च्या मोठ्या गाड्यांत नायट्रोजनचे ऑक्साइड मारायला पाइपात युरियाचं पाणी फवारतात. त्यात साडेबत्तीस टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. जड इंजिनांसाठी या ऑक्साइडची मर्यादा किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅमवरून ०.४६ ग्रॅमवर आणली गेली ती याच फवाऱ्याच्या भरवशावर. दुकानात त्याला डीईएफ म्हणतात, गॅरेजात नुसतं युरिया.

मामा : फवाऱ्याच्या तोंडाशी पांढरा दगड जमतो. मुठीएवढा काढलाय मी. छिन्नी लावून.

भाची : गार पाइपात फवारलं की तेच होतं. दोनशे अंशांच्या खाली युरियाचा पुरता अमोनिया होत नाही, अर्धवट विघटन होऊन चिकट पदार्थ बसतो आणि पुढे कडक होतो. एकदा कडक झाला की तो जायला साडेतीनशेच्या वर बराच वेळ लागतो. म्हणून दोनशेच्या आसपास पाइप तापल्याशिवाय कॉम्प्युटर फवारा सोडतच नाही.

मामा : मग नियमात बसलेली तुझी गाडी शहरात गार पाइपाने हिंडते तेव्हा फवारा बंद. म्हणजे धूर तसाच.

भाची : हो. खरं आहे.

मामा : आणि टाकीत काय ओततात ते मी सांगू? शेतातला युरिया बादलीत ढवळतात.

भाची : त्यात बाययुरेट दीड टक्क्यापर्यंत चालतं, डीईएफमध्ये ०.३ टक्क्याच्या वर चालत नाही. शिवाय २०१५ पासून खताच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणं सक्तीचं आहे. ते तेल फवाऱ्यात आणि कॅटलिस्टमध्ये जातं. वर बोअरचं पाणी, म्हणजे क्षार. मग दगड मुठीएवढा होईल नाहीतर काय!

मामा : मी मालकाला ‘निंबाचं तेल’ म्हणून सांगितलं असतं तर त्याला पटकन कळलं असतं. कंपनीच्या पुस्तकात ‘अशुद्धी’ म्हणून लिहिलंय.

मग वाद चाचणीवर आला. मामांचा जुना राग तिथे आहे.

मामा : तुमच्या चाचणीत माझा टँकर बसतो का? विहीर, सोसायटी, पंप चालू?

भाची : जड गाडीची गाडी म्हणून चाचणी होत नाही, इंजिन एकटं डायनामोमीटरला जोडतात आणि ठरलेल्या क्रमाने लोड देतात. त्या क्रमात शहराचा भाग आहे, थंड सुरुवातही आहे. शिवाय रस्त्यावर गाडीलाच मोजणी यंत्र बांधूनही तपासतात. पण दिवसभर दोनशे अंशांखाली राहणारं काम त्यात पुरतं दिसत नाही, हे कबूल. कॅलिफोर्नियाने २०२४ च्या मॉडेलांपासून कमी लोडची वेगळी चाचणी लावली ती याच कारणाने. आपल्याकडे ती यायला हवी, असं माझं मत आहे.

मामा : येईपर्यंत?

भाची : येईपर्यंत टँकर, कचऱ्याची गाडी, शाळेची बस या कामांना डिझेल घेऊच नये. विजेवरच्या गाडीला सायलेन्सरच नाही.

मामा : हप्ते कोण भरणार? सीएनजी म्हण हवं तर.

भाची : सीएनजीतही उष्णतेपासून सुटका नाही. मिथेन हा फार हट्टी वायू, त्याला जाळायला कॅटलिस्ट चारशे अंशांच्या वर लागतो. पण त्या गाड्यांचा धूर मुळातच जास्त गरम असतो आणि काजळी जवळपास नाही, त्यामुळे जाळी चोंदायचा प्रश्न उरत नाही.

ड्रायव्हरने काय करावं यावर दोघांनी एकमेकांच्या जुन्या समजुती तपासल्या, आणि हा भाग मला सगळ्यात कामाचा वाटला. सकाळी इंजिन बराच वेळ नुसतं चालू ठेवायचं, हा मामांच्या पिढीचा नियम. ब्रेकची हवा भरेपर्यंत थांबावंच लागतं, त्याला पर्याय नाही. पण हवा भरल्यावर गाडी हळूहळू काढावी, चालत्या गाडीत पाइप लवकर तापतो. उभ्या गाडीत तो तासभरही गारच राहतो आणि काजळी तेवढी साठते. घाट चढून आल्यावर किंवा जोरात पळवून आल्यावर टर्बोला दोन-तीन मिनिटं द्यायची, हा मामांचा दुसरा नियम. तो भाचीने जसाच्या तसा मान्य केला. जेवण होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं, हे मात्र तिने साफ मोडीत काढलं. उताराबद्दल मामांनी तिला नवीन सांगितलं. इगतपुरीकडून कसारा घाट उतरताना गाडी गिअरमध्ये असते, एक्झॉस्ट ब्रेक लावलेला असतो, डिझेल जवळजवळ बंद. खाली पोचेपर्यंत पाइप पार थंड होतो, आणि नेमकं तिथेच धाब्यावर गाडी थांबते. ज्या फेरीत चढताना जाळी साफ होऊ लागते आणि मध्येच दिवा लागतो, त्या फेरीत ड्रायव्हरने वर चढून आल्यावर थांबू नये, सपाटीवर आणखी वीस-पंचवीस मिनिटं ओढत न्यावी आणि मगच चहा घ्यावा, असं मामा आता त्यांच्या गिऱ्हाइकांना सांगतात. टँकरच्या मालकालाही त्यांनी पटवलं: आठवड्यातून एकदा भरलेला टँकर महामार्गाला काढायचा, एक गिअर खाली ठेवून अर्धा-पाऊण तास चालवायचा. दिवा लागायचं प्रमाण कमी झालं. मालक त्या फेरीच्या डिझेलचा हिशोब अजून मामांना ऐकवतो.

भाचीने विचारलं, गरम पाइपाला कापडी पट्टी गुंडाळून उष्णता आत धरून ठेवायचा प्रयोग टँकरवर केला का, मोटरसायकलवाली पोरं करतात तसा. मामा उसळले. पट्टीत पावसाचं पाणी मुरतं आणि आतला साधा लोखंडी पाइप दोन पावसाळ्यांत सडतो. पट्टीवर डिझेल किंवा ऑइल ठिबकलं तर ते पेट घेतं. कारखान्यातून आलेलं दुपदरी आवरण वेगळं आणि बाजारातली पट्टी वेगळी. भाचीने मान हलवली. तिनेही तेच सांगायला विचारलं होतं, असं ती नंतर म्हणाली.

शेवटी मामांनी जी मागणी केली तिच्या बाजूने मी पूर्णपणे उभा आहे.

मामा : डॅशबोर्डवर पाण्याच्या तापमानाचा काटा आहे, हवेचा आहे, ऑइलचा दिवा आहे. पाइपाच्या तापमानाचा का नाही? तुझ्या त्या कॉम्प्युटरला तीन-चार ठिकाणचं तापमान क्षणाक्षणाला माहीत असतं. मला ते बघायला स्कॅनर विकत घ्यावा लागतो आणि ड्रायव्हरला तर काहीच नाही, एकदम दिवा. दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

भाची : ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर हवं, मामा. आकड्यांची गर्दी केली तर...

मामा : ज्या माणसाने आयुष्यभर पाण्याचा काटा बघून घाट चढवला त्याला दुसरा काटा जड होणार नाही. तीन रंग द्या. गार, बरोबर, जास्त. आणि काजळी किती भरली त्याचा एक. त्याला कळू दे की सोसायटीत उभं राहून जाळी भरतेय. मग तो वॉचमनलाही सांगेल, आता बंद करत नाही, दहा मिनिटं थांब.

भाची : काही गाड्यांत काजळीची पातळी दिसते आता.

मामा : काही गाड्यांत नको. सगळ्यांत. आणि मराठीत, हिंदीत. आणि पाण्याच्या काट्याइतकाच ठळक.

भाचीने वहीत लिहून घेतलं. काटा की तीन रंगांचे दिवे, यावर ती अजून विचार करते आहे. तिचं म्हणणं, काटा असेल तर ड्रायव्हर तो मुद्दाम चढवायला गाडी जास्त ताणतील. मामांचं म्हणणं, ताणू देत, टँकरला तेच हवंय.